ढवळीचा पाय
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले की, या खेपेला तुम्हीच बोलायचे, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. आजवर या सभेत सतरंज्या घालणे, चहा करणे आणि मागे बसून ऐकणे एवढेच माझे काम. पाककृतीवर बोलावे तर माझ्याहून सुगरणी पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही त्या ढवळीचे सांगा. कुत्र्याचा पाय कापायची वेळ आली तर काय करावे, हे पुष्कळजणी विचारतात." म्हणून उभी राहिले आहे. सांभाळून घ्यावे.

ढवळीला आपण बहुतेकजणी ओळखता. किराणा दुकानापुढे बसणारी ती पांढरी कुत्री. तिच्या कानाला खाच आहे. पुष्कळांना वाटते कोणी तरी मारले असेल. तसे नव्हे. नसबंदी झालेल्या कुत्र्याला ओळखता यावे म्हणून ती खाच करतात. आम्ही करंजाड्याला राहायला आलो तेव्हा समोर नुसते मोकळे प्लॉट आणि गुडघाभर चिखल होता. सिडकोने रस्ते आखले, इमारती चढल्या. विमानतळासाठी दहा गावे हलली, त्यांतली कितीतरी घरे आपल्या शेजारी येऊन वसली. ढवळी त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी मागोमाग आली असावी, असे दुकानदार म्हणतो. खरे-खोटे तिला माहीत. ती कोणाची नाही, आणि पुढे सगळी अडचण झाली ती त्यामुळेच.

२०२५ सालच्या आषाढातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. पाऊस लागला होता. मी ओटा पुसत होते तोच खालून असा काही केकाटण्याचा आवाज आला की हातातले फडके तसेच राहिले. खाली जाऊन पाहते तो ढवळी गटाराच्या कडेला पडलेली आणि मागचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. कातडी फाटून हाड दिसत होते. गाडी कोणाची ते कळले नाही. कळून तरी काय करणार होतो?

आता पहिली गोष्ट सांगते. दुखावलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते. त्यात त्याचा दोष नाही. पोळलेल्या मुलाला हात लावा, तेही ओरबाडते. माझ्या मोठ्या मुलाने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, मी जुन्या साडीची पट्टी फाडून तिचे तोंड बांधले. तोंड बांधावे, पण कुत्र्याला उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मुळीच बांधू नये, जीव गुदमरतो. मग कपाटाची एक जुनी फळी होती ती तिच्या अंगाखाली सरकवून तशीच उचलली. हातपाय धरून उचलायचे नाही. आतले काय मोडले आहे, कोणाला ठाऊक?

या गडबडीत माझ्या मनगटावर तिचा दात लागला. थोडेसेच खरचटले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, हळद दाबा. मी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ लावून हात धुतला आणि सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घेतली. त्या दिवशी पहिली, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. ढवळीला रेबीजची लस टोचलेली होती हे मला ठाऊक होते, तरी घेतली. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस जवळजवळ हातचा जातोच. त्यावरची पहिली लस पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचली, हे माझ्या धाकट्याच्या पुस्तकात आहे. त्यापुढे चार सुयांचा कंटाळा तो काय करायचा?

असो. रिक्षावाल्याने आधी नको म्हटले, मग गोणपाट अंथरल्यावर तयार झाला. गाढीचा पूल ओलांडून पनवेलला गेलो. एक डॉक्टर उघडे सापडले. त्यांनी प्रथम पायाकडे पाहिलेच नाही. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. बोटाने दाबले की हिरडी पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. ती फिकटच राहिली तर आत रक्तस्राव असू शकतो, आणि मग पायाची गोष्ट नंतर. पोट दाबून पाहिले, पाठीचा कणा चाचपला, बाकीचे तिन्ही पाय हलवून पाहिले. मी मनात म्हणत होते, अहो, पाय तिकडे लोंबतो आहे! पण त्यांचेच बरोबर होते. तीन पाय चांगले असतील तरच चौथ्याचा विचार करता येतो.

मग त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. जखमी पायाच्या दोन बोटांमधली कातडी चिमट्याने दाबली. ढवळीने पाय आखडला. मला वाटले, चला, जाणीव आहे! डॉक्टर म्हणाले, "बाई, पाय आखडला म्हणून जाणीव आहे असे नाही. ते आपोआप होते. तिने मान वळवून पाहिले का? ओरडली का?" पुन्हा जोरात दाबले तेव्हा तिने मान वळवली, पण उशिराने. मेंदूपर्यंत दुखणे पोचते आहे की नाही, हे त्या मान वळवण्यावरून कळते.

एक्स-रेत हाड दोन ठिकाणी मोडलेले निघाले. डॉक्टरांनी जखम धुतली, सुया दिल्या, पायाला खपाची लावून वर बँडेज बांधले आणि सांगितले, "हाडाची मला काळजी नाही. सळी घालून हाड जोडता येईल. काळजी रक्ताची आहे. पंजाला रक्त पोचते आहे की नाही ते चार-पाच दिवसांत कळेल. नाही पोचले तर पाय काढावा लागेल."

पाय काढायचा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माझे माहेर आले. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव. तिथे बैलाचा पाय मोडला की बांबूच्या कांबींनी बांधायचे, आणि जमले नाही तर त्या बैलाचे पुढे काय होई ते मुलांना कोणी सांगत नसे. गुरांच्या डॉक्टरनेही पाय कापून जनावर जगवल्याचे आमच्या गावात कोणी ऐकले नव्हते. बैलाचे वजन ते केवढे, त्याला तीन पाय पुरत नाहीत. कुत्र्याचे तसे नाही, हे मला त्या रात्री कळले.

जिन्याखाली पंपाची खोली आहे, तिच्या बाहेर जागा केली. इमारतीच्या कमिटीने हरकत घेतली. त्यांचेही चूक नव्हते, पायपुसण्यावर रक्ताचे डाग पडले होते. आमच्या ह्यांनी लेखी लिहून दिले की महिनाभरच ठेवू, जागा रोज फिनेलने धुऊ आणि खर्च आमचा. तेव्हा परवानगी मिळाली.

ते पाच दिवस मी विसरणार नाही. बँडेज बांधताना डॉक्टरांनी मधल्या दोन बोटांची टोके मुद्दाम उघडी ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ ती हाताने पाहायची: ऊब आहे का, सूज आली का, वास येतो का. दुसऱ्या पायाच्या बोटांना हात लावून ताडून पाहायचे. बँडेज ओले होऊ द्यायचे नाही. आषाढात हे सांगायला सोपे आहे! मी दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवलेल्या असतात ना, त्यातली एक बाहेर नेताना पायावर चढवायची आणि आत आणले की लगेच काढायची, कारण आत घाम धरला तर तेही वाईट. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून जुनी मच्छरदाणी लावली. तिला बाहेर नेताना पोटाखालून टॉवेलचा झोळ धरायचा म्हणजे मागचा भार आपल्या हातावर येतो.

दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगते. जखमेत रॉकेल, चुना, तंबाखू, काही म्हणजे काही भरू नका. आणि आपल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम आपल्याला चालते, त्यांच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला बाधते, जीवही जातो. वरच्या मजल्यावरच्या एका भगिनीने मायेपोटी अर्धी गोळी दुधातून आणली होती. मी ती वाटी तशीच परत दिली, त्यांना राग आला. आता त्या हसताहेत, म्हणजे राग गेला असावा.

याच दिवसांत आमच्या जिन्यात मोठा वाद झाला. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "कशाला हाल करता मुक्या जिवाचे? एक सुई देऊन सोडवा. आणि बरी झाली तर काय, पुन्हा रस्त्यावरच ना?" आजींच्या नातवाला मागे एक कुत्रे चावले होते, पोर महिनाभर झोपेत दचकत असे. त्यामुळे त्यांचे बोलणे मी उडवून लावले नाही. डॉक्टरांनाच जाऊन विचारले. ते म्हणाले, सुई देण्याची वेळही येते. कणा मोडला, मागचे सगळे अंगच लुळे पडले, औषधाने दुखणे आवरत नाही, खाणेपिणे सुटले, तर ती दयाच असते, आणि कायदाही डॉक्टरला ती मुभा देतो. पण ही कुत्री खाते आहे, तुम्हाला पाहून शेपूट हलवते आहे. हिला फक्त एक पाय नाही.

कायद्याचे नाव निघाले म्हणून सांगते. जनावरांना क्रूरपणे वागवू नये असा आपल्या देशाचा कायदा १९६० साली झाला, त्याच्यामागे एक बाई होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल. नाचणारी बाई, मद्रासला कलाक्षेत्र काढणारी. १९५२ साली राज्यसभेवर गेल्या आणि तिथे त्यांनी मुक्या जनावरांचा विषय काढला. पुढे १९६२ साली सरकारने प्राण्यांसाठी मंडळ नेमले त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. आणि आमच्याकडे म्हणे, कुत्र्याबित्र्याचे बायकांनी काय बोलायचे!

सहाव्या दिवशी सकाळी बोटे गार लागली. दुपारी वास आला. डॉक्टरांनी बँडेज सोडले तो पंजा काळानिळा पडलेला. या वेळी चिमटा लावला तरी ढवळीने मान वळवली नाही.

कोणी तरी सुचवले, परळच्या बैलघोड्याच्या इस्पितळात न्या. आपल्या सासवा त्याला याच नावाने ओळखत. खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे इस्पितळ. १८८३ पासूनचे. मुंबईत तेव्हा ट्रामसुद्धा घोडे ओढत, म्हणून बैल आणि घोडेच तिथे जास्त येत. पशुवैद्यांचे कॉलेजही परळलाच १८८६ साली निघाले. हल्ली, २०२४ पासून, महालक्ष्मीलाही टाटांच्या ट्रस्टने लहान प्राण्यांचे मोठे इस्पितळ उघडले आहे. पण पनवेलहून त्या पावसात, सडलेला पाय घेऊन एवढे लांब जायचे? डॉक्टर म्हणाले, मी इथेच करतो, उद्याच करू, थांबलो तर विष अंगात भिनेल.

खर्च साडेअकरा हजार सांगितला. त्यांनी आपली फी कमी करूनच. इथे मला मंडळाचे आभार मानायचे आहेत. भिशीच्या पैशाला हात लावला नाही, ते पैसे ठरल्या कामाचे. पण डबा फिरला. कोणी पन्नास टाकले, कोणी पाचशे. इस्त्रीवाल्याने वीस टाकले. आजींनी काही टाकले नाही आणि मी मागितलेही नाही.

दवाखान्यात एक कागद पुढे आला. बेशुद्ध करताना बरेवाईट झाले तर आमची हरकत नाही, असा. खाली 'मालक' असा रकाना. हे माझ्याकडे पाहायला लागले, मी त्यांच्याकडे. रस्त्यावरच्या कुत्रीचा मालक कोण? बँकेचे, घराचे, मुलांच्या शाळेचे सगळे कागद आमचे हेच भरतात, मी नुसती 'इथे सही कर' म्हटले की करते. त्या दिवशी तो कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि रकान्यात माझे पूर्ण नाव लिहिले. लिहिताना हात कापत होता, खोटे कशाला बोलू? बरी झाली नाही तर दोष माझ्याकडे येणार, आणि बरी झाली तर कुत्री माझ्याकडे येणार!

पंजाच सडला होता तर मांडीपासून कशाला कापला, असे मला पुष्कळांनी विचारले. मीही विचारले होते. अर्धवट पाय ठेवला तर कुत्रे तो टेकायला जाते. तिथे ना गादी ना तळवा. घासून घासून पुन्हा जखम होते. म्हणून वरूनच काढतात. दुसरे असे की कुत्र्याचे वजन पुढच्या पायांवर जास्त असते, शंभरातले साठ भाग पुढे आणि चाळीस मागे. त्यामुळे मागचा पाय गेला तर निभते, पुढचा गेला तर जरा जड जाते, तरी निभतेच. माझ्या धाकट्याने विचारले, जयपूर फूट लावता येईल का? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, नकली पाय बसवायला खालचा थोडा तरी पाय शाबूत लागतो, आणि जनावराने तो अंगावर ठेवला पाहिजे. आपल्या विदर्भातला साहेबराव वाघ, २०१२ साली शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याचा पंजा गेला. नागपूरच्या गोरेवाड्यात जानेवारी २०२० मध्ये माणसांच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्याला नकली पाय बसवून पाहिला. सगळ्या जगात बातमी झाली. साहेबरावाने तो काढून टाकला. वाघाला कोण समजावणार?

शस्त्रक्रिया झाली. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे होते, तेवढे मला अवघड गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आणली. केस काढलेली ती बाजू आणि ती टाक्यांची रांग पाहून माझी मुलगी आत निघून गेली. ढवळीला मात्र काय झाले त्याचा पत्ता नसल्यासारखी ती उठली, एकदा आपटली, पुन्हा उठली आणि तीन पायांवर उड्या मारीत पाण्याच्या भांड्यापाशी गेली. आम्ही सगळे तोंडात बोट घालून पाहत राहिलो.

पण म्हणून सगळे सुरळीत झाले असे समजू नका. पहिल्या चार रात्री ती मध्येच दचकून ओरडे आणि जिथे पाय नव्हता तिकडे वळून चाटू पाही. माणसांना गेलेला हातपाय दुखल्याचे भास होतात, कुत्र्यांनाही होत असावे असे डॉक्टर मानतात. त्याला वेगळी गोळी दिली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचे नसराळे मिळते, ते आम्ही फुटक्या प्लॅस्टिकच्या बादलीचे केले. तळ कापून, कडेला जुना कपडा शिवून. फरशीवर तिचे पाय घसरत, तीन पायांच्या कुत्र्याला घसरणे फार वाईट, उरलेला मागचा पाय दुखावला तर सगळेच संपले. म्हणून पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत गोणपाटांची वाट केली. खायला मऊ भात आणि कोंबडीचे पाणी, कांदा-लसूण न घालता. दोन दिवस शौचाला झाले नाही, ते औषधांमुळे होते, तिसऱ्या दिवशी झाले. एवढ्यावर आमच्या घरी आनंदाने चहा झाला, हे सांगितले तर कोणी खरे मानणार नाही. बाराव्या दिवशी टाके निघाले.

आपण कीर्तनात नामदेवांची गोष्ट ऐकतो. कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ऐकताना डोळे पुसतो. आणि बाहेर आल्यावर चपलांपाशी कुत्रे बसलेले दिसले की हाड्! मीही त्यातलीच. ढवळीच्या आधी मी काही कुत्र्यांची फार प्रेमी नव्हते.

महिना संपला तेव्हा तिला कुठे ठेवायचे हा प्रश्न आलाच. नेमक्या त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचे निकाल आले. ११ तारखेला सगळी उचला म्हणाले. २२ तारखेला ते बदलून, नसबंदी आणि लस झालेली, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी नसलेली कुत्री होती तिथेच परत सोडा, आणि खायला घालण्याच्या जागा नेमून द्या, असे सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, स्टेशने यांच्या आवारातली हलवायला सांगितली. आमच्या जिन्यात दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा निकाल फोनवर वाचून दाखवीत. शेवटी कमिटीने ठरवले: ढवळी रात्री पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, खायला तिथेच आणि एकाच वेळी, लसीचा कागद कमिटीकडे. मला हे पटले. आजींच्या नातवाला त्या बाजूने यावे लागत नाही. आजी माझ्याशी बोलतात, ढवळीविषयी बोलत नाहीत.

ढवळी आता पळते. उभी राहताना मागचा उजवा पाय मधोमध आणून टेकते, तिचे तिनेच शोधले. रस्ता मात्र ओलांडत नाही. गाडीचा आवाज आला की भिंतीला चिकटते.

आता माझी एक विनंती. डॉक्टरांनी बजावले आहे की तिचे वजन वाढता कामा नये, सगळा भार तीनच पायांवर आहे. सध्या दया येऊन जो तो तिला बिस्किटे घालतो, आणि ती बया कोणाला नाही म्हणत नाही. तर भगिनींनो, बिस्किटे घालू नका. संध्याकाळी मी तिला मोजून घालते. ज्यांना काही द्यायचेच असेल त्यांनी घरातली जुनी गोणपाटे आणून द्यावीत. पावसात दोन दिवसांत ओली होतात आणि वाळत नाहीत.